‘नकळत दारू सोडवा’ या मेसेजला उत्तर

दारू सोडवण्यावरचा एक मेसेज नातेवाइकांच्या ग्रुपांतून फिरतोय. थोडक्यात तो असा: ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या, म्हणजे एएच्या मीटिंगांना जाऊ नका. तो धर्मांतराचा डाव आहे. तिथे नाव-पत्ता लिहून घेतात, पैसे काढतात आणि जाणारे पुन्हा पितातच. दारू मनाच्या निग्रहाने एका दिवसात सुटते. नाहीच सुटली तर आमची पावडर त्यांच्या नकळत चहात घाला.’ खाली ऑर्डरसाठी फोन नंबर. त्या नंबरावरूनच मेसेजचा हेतू कळतो, तरी एकेक मुद्दा घेऊ. एए म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी मीटिंगांतून एकमेकांना आधार देण्याची संघटना.

आधी पावडर, कारण बाकीच्या मुद्द्यांनी फार तर गैरसमज होईल, हिने जीव जाऊ शकतो. दारू सोडवण्यासाठी डॉक्टर डायसल्फिरम नावाची गोळी देतात. ती चालू असताना दारू पोटात गेली की शरीरात अॅसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य साचतं. चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदय आधीच कमजोर असेल तर माणूस दगावूही शकतो. गोळी बंद केल्यावरही हा धोका दोन आठवड्यांपर्यंत राहतो. म्हणूनच ती रुग्णाला सगळं समजावून, त्याच्या संमतीनेच द्यायची असते. पुडीत हेच औषध असेल तर तुम्ही घरच्या माणसाच्या चहात विष कालवताय आणि तो संध्याकाळी गुत्त्यावर जाणार आहे. पुडीत ते नसेल तर पैसे गेले. शिवाय हे कधीतरी उघडकीला येतंच. मग तो घरात चहासुद्धा विश्वासाने पीत नाही.

‘एका दिवसात सोडा’ हा सल्लाही तितकाच घातक. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम तोडली तर काही तासांत हात कापायला लागतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होऊन नसलेली माणसं दिसू लागतात. याला डॉक्टर लागतो. इथे निग्रह कामाचा नाही आणि एकटी मीटिंगही नाही. आधी डॉक्टर, मग मीटिंग. एए स्वतःला दवाखाना म्हणवत नाही.

आता धर्म. या आरोपात थोडं तथ्य आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. 1935 साली अमेरिकेतल्या अॅक्रन शहरात बिल विल्सन हा शेअर दलाल आणि बॉब स्मिथ हा शल्यविशारद, असे दोन दारुडे एकमेकांना आधार देऊ लागले, त्यातून एए उभं राहिलं. दोघांचाही ‘ऑक्सफर्ड ग्रुप’ या ख्रिस्ती चळवळीशी संबंध होता. दारू सोडण्यासाठी एएने ठरवलेल्या बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख येतो आणि मीटिंगमध्ये प्रार्थना होते. पण त्या पायऱ्यांतच ‘आम्हाला उमगलेला ईश्वर’ असं म्हटलंय. तो विठ्ठल असो, अल्ला असो, नाहीतर समोर बसलेला ग्रुप. सभासद व्हायला अट एकच, दारू सोडण्याची इच्छा. मीटिंग चर्चच्या हॉलमध्ये भरते म्हणून संशय घेणाऱ्यांनी हेही पाहावं की ती शाळेच्या वर्गातही भरते; जिथे जागा परवडते तिथे. देवाचं नावच नको असेल त्याच्यासाठी स्मार्ट रिकव्हरीसारखे निधर्मी गट आहेत, त्यांच्या ऑनलाइन मीटिंगा होतात. आपल्याकडे माळ घालून दारू सोडलेले कितीतरी वारकरी आहेत. माळेला आणि मीटिंगला एकमेकींचं वावडं नाही.

नाव-पत्ता आणि पैसे यांवर फार बोलायला नको. एए सभासदांची नोंद ठेवत नाही, आडनाव कुणी विचारत नाही. फी नाही. शेवटी वर्गणी फिरते, ती ऐच्छिक, आणि बाहेरच्यांकडून देणगी घ्यायची नाही असा त्यांचा दंडक आहे. पैसे कोण काढतंय ते मेसेजच्या तळाशी बघा.

‘जाणारे पुन्हा पितातच.’ अनेक जण पितात, त्याला तिथे ‘स्लिप’ म्हणतात आणि पुन्हा बसायला खुर्ची देतात. वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2020 च्या समीक्षेत 27 अभ्यास तपासले होते. मीटिंगला जाण्याची पद्धतशीर सवय लावणाऱ्या उपचारांनंतर वर्षभराने सुमारे 42 टक्के लोक पूर्ण कोरडे होते. इतर उपचार घेतलेल्यांत 35 टक्के. हा चमत्कार नव्हे, पण फुकट मिळणाऱ्या गोष्टीसाठी कमीही नव्हे.

मीटिंग शोधणं अवघड नाही. एए इंडियाच्या संकेतस्थळावर गाव घालून पाहा, नाहीतर 14446 या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनला किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात विचारा. पुण्यात 1986 पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. तिथे पत्नींसाठी ‘सहचरी’ गटही चालतो. घरच्यांसाठी अल-अॅनॉन वेगळं आहे, त्यासाठी पिणाऱ्याने दारू सोडलेली असण्याची गरज नाही. फोनवर दोन गोष्टी विचारून घ्या: मीटिंग कोणत्या भाषेत होते, आणि ती खुली आहे की बंद? खुल्या मीटिंगला भाऊ, बायको, कुणीही सोबत बसू शकतं. बंद मीटिंग फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांची. पहिल्या दिवशी बोलायची सक्ती नसते. एक ग्रुप नाही रुचला तर दुसऱ्या भागातला, दुसऱ्या वाराचा बघा.