पोराला आधी रागावू नका

पंधरा दिवसांपूर्वीची गोष्ट. माझा भाचा, वय वर्षं सात, खेळून आला आणि गुपचूप चड्डी बदलून, फुल पँट घालून कोपऱ्यात बसला. रात्री हातपाय धुवायला नेलं तेव्हा पोटरीवर दाताच्या दोन खुणा दिसल्या. एकीतून रक्त येऊन वाळलेलं. आधी "पडलो" म्हणाला. मग हुंदके देत सांगितलं, गल्लीतल्या कुत्रीचं पिल्लू उचलायला गेला होता, ती चावली. दुपारी! पाच तास पोरगं गप्प. का, तर "कुत्र्याच्या नादी लागलास तर पोटात चौदा इंजेक्शनं" असं घरात सगळ्यांनीच त्याला ऐकवलेलं.

हात जोडून सांगते, ही भीती घालणं बंद करा. पोटातली ती इंजेक्शनं आपल्याकडे बंद होऊन वीसेक वर्षं झाली. आता रेबीजची लस दंडावर टोचतात. सरकारी दवाखान्यात बहुतेक ठिकाणी कातडीत देतात. कातडीत दिली तर पहिल्या डोसचा दिवस शून्य धरायचा, मग दिवस ३, ७ आणि २८. भाचा सुई टोचताना रडलासुद्धा नाही.

त्या रात्री ताईने हात उगारला, आईने हळदीचा डबा काढला. मी त्याला उचलून मोरीत नेलं, नळ सोडला आणि कपड्याच्या साबणाने जखम धुवत बसले. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. ती फार लांब वाटतात, दोन मिनिटांतच "झालं की" असं होतं, पण थांबायचं नाही. रेबीजच्या विषाणूभोवती चरबीचं आवरण असतं, ते साबणाने फुटतं. उशीर झाला असला तरी धुवायचंच. हळद, मिरची पूड, चुना काहीही भरायचं नाही, घट्ट पट्टीही बांधायची नाही.

दवाखान्यात गेलो तर लस आणि धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन "झालं, जा" म्हणाले. रक्त निघालं असेल तर तेवढं पुरत नाही. लसीचा परिणाम व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तोवर संरक्षण म्हणून सिरम, म्हणजे रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन लागतं आणि ते थेट जखमेत, जखमेभोवती टोचतात. मी विचारलं तेव्हा "इथे नाही, मोठ्या दवाखान्यात मिळेल" असं कळलं. विचारलं नसतं तर? मला आजही राग येतो. रात्रीच रिक्षा करून गेलो, मिळालं. तुम्ही तोंडाने मागा. लहान मुलांची उंचीच अशी की कुत्रा तोंडाला, मानेला, डोक्याला चावतो, आणि तिथून मेंदू जवळ. तिथे तासाभराचाही आळस नको.

"कुत्रा पाळलेला आहे, दहा दिवस बघू" म्हणत बसू नका. कुत्र्यावर लक्ष जरूर ठेवा, पण लस त्याच दिवशी सुरू करा. पुढचं डॉक्टर ठरवतील. मांजर, माकड चावलं तरी हेच. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही, आणि ती दिसायला कधी कधी महिने जातात. म्हणूनच पोराने न सांगितलेला ओरखडा मला कुत्र्यापेक्षा जास्त घाबरवतो.

त्याचे तीन डोस झाले. भिंतीवरच्या कॅलेंडरवर चौथ्याची तारीख त्याने स्वतःच लाल पेनाने गोल करून ठेवलीये.