खोकत या, पण नक्की या

फेब्रुवारीत आमच्या भाचीच्या मुलीचं बारसं झालं. बाळ अडीच महिन्यांचं. बारशाला कसं जावं याचा वस्तुपाठ तिथे आमच्या एका काकांनी घालून दिला. तो वाया जाऊ नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

तयारी घरूनच करावी. चार दिवस नाक वाहतंय, अंगात कणकण आहे, रात्रभर खोकून घरच्यांना जागवलंय? मग बारशाला जायला याहून चांगला मुहूर्त नाही. 'गेलो नाही तर वाईट दिसतं.' सकाळी तापाची एक गोळी घ्यावी. ताप उतरला की आपण बरे झालो. व्हायरसला तसं कळवून ठेवावं म्हणजे झालं.

कुणी विचारलंच तर 'हवा बदललीय' म्हणावं. 'काल पेरू खाल्ला' हेही चालतं.

व्हायरसचं नाव मात्र काढू नये. काढायचंच तर जानेवारी २०२५मध्ये काढलं तसं काढावं. ह्यूमन मेटान्यूमोव्हायरस, म्हणजे एचएमपीव्ही, आठवतोय ना? बेंगळुरूत दोन तान्ह्या बाळांना निघाला, नागपुरात दोन मुलं संशयित म्हणून बातमी आली, ६ जानेवारीला सेन्सेक्स बाराशेहून जास्त अंकांनी आपटला, आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर 'चीनचा नवा व्हायरस, सावध राहा' असे फॉरवर्ड पडत राहिले. पाठवणारे कोण? हेच काका. नवा म्हणे! नेदरलँड्समधल्या शास्त्रज्ञांनी तो ओळखला २००१ साली, आणि १९५८ सालच्या जपून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांतही त्याच्या अँटिबॉडीज सापडल्या. म्हणजे महाराष्ट्र राज्य झालं नव्हतं तेव्हापासून हा माणसांत बिनबोभाट फिरतोय. पाच वर्षांचं होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक पोराला एकदा गाठतो, मोठेपणीही पुन्हा पुन्हा येतो. ताप, खोकला, चोंदलेलं नाक, सगळं फ्लूसारखं. नुसतं बघून डॉक्टरलाही वेगळा काढता येत नाही, त्यासाठी तपासणीच लागते. धडधाकट माणूस आठवड्याभरात उठून कामाला लागतो. तान्ह्या बाळाचं आणि सत्तरीतल्या दमेकऱ्याचं तसं नसतं. पण हे फॉरवर्ड करण्यात काय मजा?

खोकताना मूठ तोंडावर धरावी आणि मग त्याच हाताने बाळाचा गाल ओढावा.

पापा घेणं तर सक्तीचंच. 'आमच्या वेळी असली थेरं नव्हती' म्हणत कुंचीत तोंड घालून घ्यावा. बाळाची आई 'काका, जरा लांबून...' असं पुटपुटली तर चारचौघांत हसून म्हणावं, 'आजकालच्या मुली फार नाजूक.' मग तिच्या सासूने तिच्याकडे बघायचं, तिने मान खाली घालायची, आणि बाळ मांड्यांमांड्यांवरून फिरत घुगऱ्यांच्या वाटीसारखं पंगतभर जायचं. तिच्या जागी तुम्ही काय बोलला असतात? काही नाही. मीही बोलले नाही. चौथ्या दिवशी बाळाचं नाक वाहायला लागलं. सहाव्या दिवशी दूध पिईना. रात्री बघतो तर श्वासागणिक बरगड्यांखाली खळगे पडतायत, छाती भात्यासारखी उडतेय. पहाटे दोनला रिक्षा शोधून दवाखाना गाठला. नाकाला ऑक्सिजनची नळी, ती निघू नये म्हणून गालांना चिकटपट्ट्या. काकांनी ओढले तेच गाल. चार दिवस! रिपोर्टवर चार अक्षरं, एचएमपीव्ही. 'यावर औषध?' विचारलं, तर थेट या व्हायरसवर औषध नाही. लसही नाही. ऑक्सिजन द्यायचा, पोटात पाणी जाईल असं बघायचं, आणि वाट बघायची. भाचीने ते चार दिवस पाठ टेकली नाही.

काकांनीच दिला हे कोर्टात सिद्ध होणार नाही, मान्य. पाळण्याभोवती चाळीस माणसं होती. खोकत होते ते एकटेच.

मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीविना अँटिबायोटिक आणून तीन दिवस घ्यावं. व्हायरसला त्याने काहीही होत नाही, पण आपण काहीतरी केलं असं वाटतं.

मास्क? तो २०२२मध्येच कपाटात गेला. साबणाने हा व्हायरस मरतो, पण बेसिनपर्यंत जायचे कष्ट कोण घेणार.

परवा काकांचा फोन आला. 'छकुली कशी आहे? रविवारी बघायला येतो.' एवढं बोलताना तीनदा खोकले. मी म्हटलं नको. तर म्हणाले, 'अगं, साधी सर्दी आहे.'

साधी तुम्हाला आहे हो! तिची फुप्फुसं केवढी, श्वासनळ्या केवढ्या, जरा विचार करा की. खोकला असेल तर घरी बसा. पाकीट पाठवू नका, आशीर्वाद फोनवर द्या, महिन्याने या, हात धुऊन या. वाईट दिसत नाही. बाळाच्या नाकात नळी वाईट दिसते. आणि तिची आई 'लांबून' म्हणाली की लांबून. मानपान गेला खड्ड्यात.

काका रुसलेत. रुसू देत.