पाहुण्यांचा कंट्रोलर

लोकांकडे पाहुण्यांसाठी चांगल्या कपबश्या वेगळ्या काढून ठेवलेल्या असतात. आमच्याकडेही आहेत, सोनेरी काठाच्या. पण गेम खेळायच्या कंट्रोलरच्या बाबतीत आमच्या घरचा रिवाज बरोब्बर उलटा आहे. दोनातला जो नादुरुस्त, तो पाहुण्यांचा.

दोन्ही प्लेस्टेशन ४ चे, दोन्ही काळे, दोन्ही एकाच दिवाळीत घेतलेले. त्यातल्या एकाला कालांतराने डावीकडे जायची सवय लागली. म्हणजे आपण अंगठा काढून घेतला, कंट्रोलर टीपॉयवर ठेवला आणि चहा आणायला उठलो, तरी टीव्हीवरचा फुटबॉलचा खेळाडू एकटाच हळूहळू डावीकडे निघतो. याला ड्रिफ्ट म्हणतात. यात कंपनीला बोल लावण्यात अर्थ नाही. सात वर्षं खेळाडू फिरवायच्या त्या छोट्या दांडीवर चिरंजिवांचा अंगठा आणि त्या अंगठ्यावर भाकरवडीचं तेल. तेवढ्या काळात आमच्या मिक्सरची तीन भांडी कामातून गेली, दांडी निदान जागेवर तरी आहे.

दोन्ही दिसायला सारखे, म्हणून ड्रिफ्टवाल्याच्या पोटावर बायकोने आपली एक मरून टिकली चिकटवून दिली. तेव्हापासून तो ‘टिकलीवाला’. मेव्हणा चिंचवडहून आला की टिकलीवाला त्याच्या हातात. तो दरवेळी हरायचा आणि दरवेळी म्हणायचा, “दाजी, तुमचा हात चांगला आहे हो.” मी म्हणायचो, “सराव, दुसरं काय.”

मुलाशी खेळताना मात्र टिकलीवाला मी स्वतःकडे घेतो. लेकराच्या हातात बिघडलेली वस्तू द्यायची आणि आपण चांगली घेऊन बसायचं, हे बापाला शोभत नाही. आता त्यात एक सोयही आहे, हे नाकारत नाही. ६-१ ने हरल्यावर कंट्रोलर हवेत धरून “ड्रिफ्ट होतोय रे” एवढंच म्हणायचं. पुढचं काही बोलावं लागत नाही. मुलगा बारा वर्षांचा आहे, समंजस आहे, मान हलवतो.

एकदाच या व्यवस्थेला धक्का बसला. गणपतीत मेव्हणा आला, टिकलीवाला हातात घेतला आणि मला ३-० ने हरवून आरतीला उभा राहिला. माझे खेळाडू त्या दिवशी सारखे मैदानाबाहेर पळत होते. मी दोष उकडीच्या मोदकांना दिला. अकरा खाल्ले होते.

मग दसऱ्याला नवा कन्सोल आला. प्लेस्टेशन ५ भारतात मिळायला लागला २ फेब्रुवारी २०२१ ला, आणि तेव्हाच मी घरात जाहीर केलं होतं की जरा किंमत उतरू दे. किंमत उतरायची वाट बघता बघता ४९,९९० चा ५४,९९० झाला. शेवटी सणाच्या सवलतीत घेतला आणि बायकोला सांगितलं, “थांबलो म्हणून स्वस्त पडला.” तिने मोबाइलवर हिशेब केला आणि काही बोलली नाही. ते न बोलणं मी अजून विसरलेलो नाही.

खोक्यात कंट्रोलर एकच निघाला. पांढराशुभ्र, नाव ड्युअलसेन्स. हातात घेतला की तळव्याला काहीतरी बारीक खरखरीत लागतं, बारीक रव्यासारखं. मुलाने मोबाइलचा कॅमेरा अगदी जवळ नेऊन दाखवलं, तर त्या खरखरीत दाण्याचा एकेक कण म्हणजे चिमुकला त्रिकोण, वर्तुळ, फुली किंवा चौकोन. ज्याला कुणाला हे सुचलं, त्याच्या घरची रांगोळी बघायला आवडेल मला.

मुलाने खेळायला सुरुवात केली आणि मिनिटभरात म्हणाला, “बाबा, हा उजवीकडे ओढतोय.”

“नवीन आहे,” मी म्हणालो. “हात बसायला वेळ लागतो.” मुलाने पुन्हा मान हलवली.

दोघांनी खेळायचं म्हणून जुना काळा जोडला, तर टीव्हीवर पाटी आली. पाटीचा मथितार्थ असा की जुना कंट्रोलर जुन्या गेमना चालेल, नव्याला नाही. म्हणजे घरात घेतलंय, पण पंगतीला बसायचं नाही. प्लेस्टेशन ४ चे गेम लावा, हेच काळे कंट्रोलर बिनतक्रार चालतात. प्लेस्टेशन ५ चा गेम लावला की ओळख दाखवत नाहीत.

ऑफिसात हे सांगायची चूक केली. शेजारच्या टेबलावरचा सहकारी एक्सबॉक्सवाला आहे. त्या पंथाचे लोक अशा क्षणाची वाटच बघत असतात. त्यांच्याकडे २०२० साली नवा कन्सोल आला, तेव्हा एक्सबॉक्स वनचे जुने कंट्रोलर त्यावर तसेच्या तसे चालू झाले. हे त्याने मला जेवणाच्या सुट्टीत दोनदा आणि लिफ्टमध्ये एकदा सांगितलं. मीही विचारलं, “आणि सेल कुठले घालता तुम्ही? घड्याळातले?” तो गप्प झाला. त्यांच्या कंट्रोलरला आजही पेन्सिल सेल लागतात. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर मुद्दा त्याचाच खरा वाटत राहिला.

जेवताना विषय काढला. दुसरा ड्युअलसेन्स सहा हजारांच्या वर जातो म्हटल्यावर बायकोने भाताचा डाव तसाच हवेत धरला.

“एका रिमोटला सहा हजार? सहा हजारांत गॅसची शेगडी येते.”

“हा रिमोट नाही.”

“शेगडी चौघांना जेवू घालते. हा काय करतो?”

हा काय करतो ते मी सांगितलं. की ट्रिगर ओढताना गेमप्रमाणे कमी-जास्त जोर लागतो, कधी सायकलचा गंजका ब्रेक दाबल्यासारखा, कधी लोण्यातून सुरी गेल्यासारखा. की पावसात चालताना हातात थेंब पडल्यासारखं टिपटिप जाणवतं. की त्याला स्वतःचा माइक आहे. “आणि तो बंद करायचं बटन आहे का?” तिने विचारलं. आहे म्हटल्यावर तिला पहिल्यांदा त्या वस्तूबद्दल आदर वाटला.

मुलाने मध्येच ‘एज’ नावाच्या थोरल्या भावाचा विषय काढला. त्याची किंमत १८,९९०. त्याचं वैशिष्ट्य असं की दांडी झिजली तर तेवढा भाग काढून नवा बसवता येतो. म्हणजे एकोणीस हजार मोजून हा पुढेमागे डावीकडे ओढणार आहे, हे काउंटरवरच मान्य करायचं. लग्नाच्या रजिस्टरवर सही करतानाच वकिलाचा नंबर लिहून घेण्यातला प्रकार.

मग मी अभ्यासाला लागलो. मध्यमवर्गीय माणूस पैसे वाचवण्यासाठी जेवढं शिकतो तेवढं पदवीसाठी शिकत नाही. कळलं ते असं. दांडीच्या खाली दोन पोटेन्शिओमीटर असतात, एक आडव्या हालचालीला, एक उभ्या. आत कार्बनचा पातळ पट्टा, त्यावर फिरणारी धातूची जीभ. जीभ कुठे टेकलीय त्यावरून दांडी किती कलली ते ठरतं. रोज घासून पट्टा झिजला की जीभ मध्यावर असूनही वेगळाच आकडा सांगते. आजोबांच्या रेडिओच्या आवाजाच्या खुंटीला हाच आजार होता. सकाळी सात-पाचच्या बातम्या लागल्या की आजोबा खुंटी मागेपुढे करायचे आणि ‘आकाशवाणी’ आणि ‘पुणे’ यांच्यामध्ये चुलीवर पापड भाजल्यासारखी खरखर यायची. आजोबांनी त्यासाठी रेडिओ बदलला नाही, खुंटीला दोन थपडा मारल्या. मीही दांडीला मारून पाहिल्या. आजोबांच्या हाताला जो गुण होता तो माझ्यात उतरलेला नाही.

यावर उपाय म्हणजे चुंबक. हॉल इफेक्ट नावाची पद्धत. दांडीला चुंबक लावायचा आणि तो किती सरकला ते न शिवता ओळखायचं. मापताना काही घासतच नाही, मग झिजणार काय? एडविन हॉल नावाच्या माणसाने हा गुण १८७९ साली शोधून काढला आणि सेगा कंपनीच्या ड्रीमकास्ट या कन्सोलच्या कंट्रोलरमध्ये तो १९९८ सालीच वापरला होता. मी हे उत्साहाने आईला सांगितलं. ती म्हणाली, “हॉल इफेक्टच तो. दिवसभर हॉलमध्ये बसून खेळल्यावर दुसरं काय होणार?”

ड्रिफ्ट झाकायची एक फुकट युक्तीही असते, डेडझोन. गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन सांगायचं की दांडी मध्यापासून एवढी एवढी हलेपर्यंत लक्षच द्यायचं नाही. मी नव्या कन्सोलबद्दल बोलायला लागलो की बायकोची हीच सेटिंग चालू होते.

शनिवारी दोन्ही काळे कंट्रोलर पिशवीत घालून पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत गेलो. म्हटलं, टिकलीवाल्यात चुंबकाची दांडी बसवून घेऊ, दुसरा साफ करून घेऊ, जुन्याच गेमवर वर्षभर काढू, सहा हजार वाचतील. दुचाकी लावायला जागा शोधण्यात अर्धा तास गेला तो हिशेबात धरत नाही.

दुरुस्तीवाला पोरगा बावीस-तेवीसचा असेल. मी टिकलीवाला पुढे केला. त्याने टिकलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि वायर लावून लॅपटॉपला जोडला. पडद्यावर दोन वर्तुळं आली, प्रत्येकात एक ठिपका, खाली आकडे. त्याने दांडी गरगर फिरवली, सोडली. ठिपका मधोमध येऊन बसला. आकडा ०.००३.

“काका, हा तर ओके आहे.”

“नीट बघा. डावीकडे ओढतो.”

पुन्हा फिरवली, पुन्हा सोडली. ठिपका ध्रुवबाळासारखा अढळ.

“कुठे ओढतोय?”

“घरी ओढतो,” मी म्हणालो.

त्याने विषय वाढवला नाही, नुसता हात पुढे केला. मी दुसरा दिला, ज्याला टिकली नव्हती. दांडी सोडताक्षणी ठिपका डावीकडे सरकला आणि तिथेच मुक्काम केला. आकडा ०.१४, उणे चिन्हासकट. “हा गेलाय,” पोरगा म्हणाला. “मॉड्यूल बदलायला लागेल. चौदा पिना आहेत, काढून परत सोल्डर करायच्या. हॉल इफेक्टवाला टाकून देतो, नऊशे होतील.”

तो चौदा पिनांबद्दल बोलत राहिला आणि माझ्या डोळ्यांसमोर श्रावणातली एक दुपार आली. गणपतीच्या आधीची साफसफाई. आईने टीव्हीखालचा कप्पा आवरायला काढलाय, दोन्ही कंट्रोलर ओल्या फडक्याने पुसतेय. टिकली निघून फडक्याला चिकटलीय. सवाष्णीची टिकली टाकून कशी द्यायची म्हणून आईने ती परत लावली. लावली, पण जो हाताला लागला त्याला.

म्हणजे गेले दोन महिने चांगला कंट्रोलर माझ्या हातात होता. ६-१, ५-०, आणि मुलाला परीक्षा होती म्हणून थोडक्यात आवरलेला ४-०, हे सगळे सामने मी पूर्णपणे धडधाकट कंट्रोलरवर हरलो होतो. आणि तो मुलगा डावीकडे ओढणाऱ्या दांडीला अंगठ्याने सतत उजवीकडे रेटा देत देत मला हरवत होता. इतका की नवा सरळ कंट्रोलर हातात आल्यावर त्याला तोच उजवीकडे ओढतोय असं वाटलं. बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं की कंट्रोलर असा नसतो. आणि मोदकांचाही काही दोष नव्हता.

सगळ्यात वाईट हे की मला ड्रिफ्ट दिसायचा. खोटं बोलत नव्हतो मी. माझा खेळाडू डावीकडे जाताना मी या डोळ्यांनी पाहिलाय.

“करू का काका?” पोरग्याने विचारलं.

मी विचार केला. दुरुस्त करून नेला की पहिला प्रश्न येणार, कुठला दुरुस्त केला? मग टिकली, मग आई, मग दोन महिन्यांचे निकाल. नऊशेत हे प्रकरण मिटणारं नव्हतं. मी दोन्ही पिशवीत टाकले, त्याने तपासायचे पैसे घेतले नाहीत, आणि परत येताना दुसरा ड्युअलसेन्स घेऊन आलो. सहा हजारांच्या वर काही रुपये. कार्ड सरकवताना हात जराही थरथरला नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

“काय म्हणाला दुरुस्तीवाला?” बायकोने दारातच विचारलं.

“अवघड आहे म्हणाला.”

नव्यावर पहिला सामना ४-० ने हरलो. मुलगा माझ्याकडे बघत होता, मी काय म्हणतो ते ऐकायला. मी कंट्रोलर उलटा करून पाहिला, दांडी फिरवली, सोडली. खेळाडू जागच्या जागी उभा. “याचं चार्जिंग कमी आहे बहुतेक,” मी म्हणालो. मुलाने काही न बोलता स्वतःचा कंट्रोलर मला दिला आणि माझा घेतला. दुसरा सामना ५-० झाला.

रात्री सगळे झोपल्यावर काळे दोन्ही बाहेर काढले. बायको ते भंगारात द्यायला निघाली होती. मी म्हटलं, राहू देत, जुना फुटबॉल चालतो त्यांच्यावर. जुनी टिकली नखाने काढली. तिचा गोंद संपला होता, म्हणून आरशाजवळच्या पाकिटातली एक नवी घेतली, मरूनच, आणि दोन्ही दांड्या एकेक करून टीव्हीवर तपासून, खात्री करून, जिथे पाहिजे तिथे घट्ट दाबून लावली.

रविवारी मेव्हणा येणार आहे. गणपतीतलं ३-० अजून बाकी आहे.