सात ओळींनी राउटर दुप्पट धावत नाही

‘या ७ ओळी टाका, लिनक्स राउटरचा वेग दुप्पट’ हा मेसेज (ओळी म्हणजे राउटर ज्या लिनक्स प्रणालीवर चालतो तिच्या सेटिंग्ज) महिनाभर व्हॉट्सअॅपवर फिरतोय. मी सोडून दिलं होतं. परवा माझ्या भाच्याने तो खरा मानला. तो नाशिकला सिडकोत घरोघरी इंटरनेट देतो. रात्री ओळी टाकल्या, राउटर रीस्टार्ट केला, आणि सकाळपासून त्याला फोन सुरू: व्हिडिओ कॉल अडकतोय. ‘पण मामा, स्पीड टेस्ट तर नीट येते!’ येणारच.

पहिल्या तीन ओळी टीसीपीच्या, म्हणजे दोन टोकांच्या मशीनमध्ये डेटा नीट पोचवणाऱ्या नियमांच्या: पाठवायचा बफर (डेटा तात्पुरता ठेवायची जागा), घ्यायचा बफर आणि बीबीआर (पाठवण्याचा वेग ठरवण्याची पद्धत). राउटरमधून नुसतं पुढे जाणारं पॅकेट (डेटाचा तुकडा) त्या राउटरच्या टीसीपीपर्यंत पोचतच नाही. त्याखालच्या आयपीच्या थरावर पत्ता बघितला की ते पुढे निघतं. मुंबई-आग्रा महामार्गावरचा ट्रक उड्डाणपुलावरून नाशिक ओलांडून जातो. आडगावचं ट्रक टर्मिनल दुप्पट केलं तर त्याला काय फरक पडणार? राउटरवरच प्रॉक्सी (दोन्ही टोकांशी स्वतः कनेक्शन जोडणारा मध्यस्थ) चालत असेल तर गोष्ट वेगळी. भाच्याकडे ती नाही.

चौथी ओळ टाइम-वेट रीसायकलची, म्हणजे संपलेली टीसीपी कनेक्शनं लवकर मोकळी करण्याची. ती सोय २०१७ सालीच, लिनक्सच्या कर्नल (गाभा) ४.१२ मध्ये, काढून टाकली. पाचवी रूट कॅश, म्हणजे आधी शोधलेल्या वाटांची नोंद, वाढवण्याची. कर्नलच्या स्वतःच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलंय की ३.६ पासून आयपीव्ही४ साठी (आयपी पत्त्यांची जुनी, प्रचलित पद्धत) ती कॅश वापरलीच जात नाही. म्हणजे २०१२ पासून! पुढे ढकलण्याआधी कुणी एकाने तरी ते पान उघडायचं होतं.

घात केला तो सहाव्या ओळीने: पाठवणीची रांग १००० पॅकेटांवरून १०,०००. भाच्याने प्रत्येक घराला राउटरवरच २० एमबीपीएसची मर्यादा बांधलीय, आणि त्या मर्यादेमागची साधी रांग आपली लांबी याच आकड्यावरून घेते. हिशोब करा. १५०० बाइटची १०,००० पॅकेटं म्हणजे दीड कोटी बाइट, म्हणजे १२ कोटी बिट. २० एमबीपीएसने ती उपसायला ६ सेकंद लागतात. घरात कुणी मोठी फाइल उतरवायला घेतली आणि रांग भरली, की मागून आलेलं आवाजाचं पॅकेट तेवढा वेळ ताटकळतं. एकूण वेग तोच राहतो, म्हणून स्पीड टेस्ट खूश आणि बोलणारा माणूस हैराण. इथे रांग लांबवायची नसते. एफक्यू-कोडेल (प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देऊन उशीर आटोक्यात ठेवणारी पद्धत) लावायचं असतं. त्याचं तांत्रिक टिपण, आरएफसी ८२९०, २०१८ पासून सगळ्यांसमोर आहे.

सातवी ओळ, कॉनट्रॅकची (चालू कनेक्शनांच्या नोंदीच्या टेबलाची) कमाल वाढवा, ही अर्धी खरी, मान्य. लॉगमध्ये ‘टेबल फुल’ येत असेल तर ती हवीच. येत नसेल तर वेगात काडीचाही फरक नाही.

खऱ्या अडचणीचा त्या मेसेजमध्ये उल्लेखच नाही. राउटर दमतो तो पॅकेटच्या संख्येने. एक गिगाबिटवर १५०० बाइटची पॅकेटं सेकंदाला सुमारे ८१ हजार, तर सर्वांत लहान पॅकेटं १४.८८ लाख. त्यात पीपीपीओई (ग्राहकाचं लॉगिन घेऊन पॅकेटं आणखी एका वेष्टनात गुंडाळणारी पद्धत) असेल तर बऱ्याच नेटवर्क कार्डांना आतला पत्ता वाचता येत नाही. सगळा भार प्रोसेसरच्या एकाच कोअरवर पडतो आणि बाकीचे रिकामे. तिथे आरपीएस (पॅकेटं वेगवेगळ्या कोअरवर पाठवणारी लिनक्सची सोय) लावून भार वाटून द्यावा लागतो.

तेव्हा बाळा, त्या साती ओळी काढ, राउटर रीस्टार्ट कर, आणि रात्री ९ च्या गर्दीत सॉफ्टनेट-स्टॅटचे (कर्नलने पॅकेटं कशी हाताळली त्या नोंदीचे) आकडे दहा मिनिटांच्या अंतराने दोनदा टिपून मला पाठव. दुसऱ्या (टाकून दिलेली पॅकेटं) आणि तिसऱ्या (वेळ अपुरा पडून काम मध्येच थांबलं) रकान्यात काय वाढतंय ते बघू, मगच हात लावू.