इंजिनिअरिंग घ्यायचं का? आधी शिडीचं गणित सोडव

प्रश्न साधा होता: गणित बरं आहे, फिजिक्स आवडतं, तर इंजिनिअरिंगला जावं का? कट्ट्यावर पाच शाखांची माणसं बसलेली, त्यामुळे उत्तरंही पाच आली. इथे नावांऐवजी शाखाच लिहिल्या आहेत, भांडण तसंही शाखांचंच होतं.

सिव्हिलवाला म्हणाला, "मार्कांवरून काही कळत नाही. विचारणाऱ्याला एक शिडी द्या. 5 मीटरची, गुळगुळीत भिंतीला टेकवलेली, पाय भिंतीपासून 3 मीटरवर. जमिनीचं घर्षण किती असलं की ती घसरणार नाही?"

"हे तर शाळेतलंच झालं," कॉम्प्युटरवाला म्हणाला.

"मग सोडव. शिडी भिंतीवर 4 मीटर उंच टेकते. वजन मधोमध, म्हणजे पायापासून आडवं दीड मीटर. पायाभोवती मोमेंट, म्हणजे बल गुणिले त्याचं पायापासूनचं लंब अंतर, घेतले की भिंतीची प्रतिक्रिया, म्हणजे भिंत शिडीला उलट ढकलते ते बल, वजनाच्या 0.375 पट येते. जमिनीला तेवढंच घर्षण द्यावं लागतं, म्हणून घर्षणांक, म्हणजे घर्षण आणि जमिनीवरचा दाब यांचं प्रमाण, निदान 0.375 हवा. परीक्षेत पूर्ण मार्क. आता सांग, शिडी लावतात कशाला?"

"चढायला."

"चढणारा माणूस टोकाला पोचला की त्याच्या वजनासाठी हाच आकडा 0.75 होतो. शिडी हलकी आणि माणूस जड असेल, तर सगळा हिशेब 0.75 च्या आसपास जातो. म्हणजे मघाचं उत्तर बरोबर असूनही माणूस पडला. 'वर कोणी चढलं तर?' हे ज्याला न विचारता सुचतं, त्याने खुशाल यावं."

मेकॅनिकलवाल्याला हे पटलं नाही. "असं बोललं की पोरांना वाटतं, डोकं चाललं की झालं, गणित कच्चं असलं तरी चालेल. अरे, कॅल्क्युलस कसंबसं पास झालेला पहिल्या वर्षी नापास होत नाही, दुसऱ्या वर्षी होतो. तुमच्या सिव्हिलचीच तुळई घे, भार पेलणारी आडवी दांडी. तिच्यावरचा भार एकदा इंटिग्रेट केला की शिअर, म्हणजे तिला कापू पाहणारं बल, पुन्हा केला की तिला वाकवू पाहणारा बेंडिंग मोमेंट, तो ईआयने, म्हणजे तुळईच्या ताठरपणाने, भागून तिसऱ्यांदा केला की उतार आणि चौथ्यांदा वाक, म्हणजे ती किती झुकली ते. चार इंटिग्रेशन, चार स्थिरांक."

"आणि पोरं स्थिरांकांत अडकतात, इंटिग्रेशनमध्ये नाही," सिव्हिलवाल्याने लगेच पकडलं. "मोकळ्या टोकाला मोमेंट शून्य, पक्क्या टोकाला वाक आणि उतार दोन्ही शून्य, हे गणिताच्या वहीत कुठे लिहिलेलं असतं? त्यासाठी तुळई डोळ्यांसमोर यावी लागते."

दोघांचंही खरं होतं, पण माझा कौल मेकॅनिकलवाल्याला. तुळई डोळ्यांसमोर आणायला शिकवता येतं. दुसऱ्या वर्षाच्या गर्दीत राहिलेलं कॅल्क्युलस भरून काढणं फार थोड्यांना जमतं.

इलेक्ट्रिकलवाला तोवर हसत होता. "तुमच्याकडे निदान वस्तू दिसते. आमच्याकडे एसी सर्किटमध्ये रेझिस्टरवर 30 व्होल्ट आणि त्याच्याशी सिरीजमध्ये जोडलेल्या आदर्श इंडक्टरवर, म्हणजे तारेच्या वेटोळ्यावर, 40. दोन्ही मिळून किती?"

"सत्तर," कोणीतरी फसलं.

"पन्नास. दोन्ही एकाच वेळी शिखर गाठत नाहीत, पाव आवर्तनाचा फरक असतो, म्हणून काटकोन त्रिकोणासारखी बेरीज. हा हिशेब काल्पनिक संख्यांनी मांडतात, त्या आमच्याकडे रोजच्या वापरातल्या. त्या कशाला शिकायच्या म्हणून शाळेत ज्याने सोडून दिल्या, त्याची आमच्या शाखेत तिसऱ्या सेमिस्टरपासून दमछाक होते."

केमिकलवालीचं म्हणणं होतं की सगळ्यात मोठी फसवणूक तिच्या शाखेच्या नावातच आहे. "केमिस्ट्री आवडते म्हणून लोक येतात, आणि पुढे बसतो तो पाइप, पंप, उष्णता आणि मोठमोठी भांडी. प्रयोगशाळेत चंचुपात्रात छान चाललेली उष्णता सोडणारी अभिक्रिया घ्या. भांडं तिन्ही बाजूंनी दहापट करा. आतला माल हजारपट होतो, पण उष्णता बाहेर जायला जो पृष्ठभाग लागतो तो शंभरपटच. म्हणजे दर लिटरमागे थंड करायची जागा एक दशांश उरली. तापमान चढतं, तापमानाने वेग चढतो, वेगाने आणखी उष्णता. मग आत कूलिंग कॉइल घाला, नाहीतर एक रसायन थेंबाथेंबाने सोडा. ज्याला हे ऐकायला आवडलं त्याने केमिकल घ्यावं. नवीन रेणू बनवायचे असतील तर सरळ केमिस्ट्रीची पदवी करावी, आमच्याकडे वाट वाकडी करू नये."

"कॉम्प्युटरचं काय, ते इंजिनिअरिंग तरी आहे का?" मेकॅनिकलवाल्याने डिवचलं.

"10 लाख नोंदी क्रमाने लावायच्या आहेत," कॉम्प्युटरवाला शांतपणे म्हणाला. "प्रत्येक नोंद प्रत्येकीशी ताडली तर एक लाख कोटींच्या घरात तुलना. मर्ज सॉर्टने, म्हणजे यादीचे अर्धे-अर्धे भाग करून, ते लावून पुन्हा जोडायच्या रीतीने, साधारण दोन कोटी. मशीन तेच, भाषा तीच. हा फरक कोडिंगच्या क्लासात कळत नाही, त्याला डिस्क्रीट गणित, म्हणजे सुट्या, मोजता येणाऱ्या गोष्टींचं गणित, लागतं. आणि 1996 मध्ये एरियन 5 या युरोपीय रॉकेटचं पहिलं उड्डाण मिनिटभरही टिकलं नाही, ते कशाने? 64 बिटांची संख्या 16 बिटांच्या चौकटीत कोंबली म्हणून. त्या चौकटीत 32,767 च्या वर काही मावत नाही. प्रोग्रामचा तो भाग आधीच्या एरियन 4 मधून जसाच्या तसा उचललेला होता, आणि नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त, म्हणून आकडा चौकटीबाहेर गेला. सांग, हे इंजिनिअरिंग नाही?"

यावर मेकॅनिकलवाला गप्प बसला, पण सिव्हिलवाल्याला पहिल्या वर्षाचा मुद्दा मिळाला. पहिल्या वर्षाचं मेकॅनिक्स रटाळ आहे, शाखेचे विषय कधी सुरू होतात, ही तक्रार सगळ्यांच्याच कानावर आलेली असते. तो म्हणाला, "अमेरिकेतलं कॅन्सस सिटी, 1981. हॉटेलच्या लॉबीत एकाखाली एक टांगलेले दोन पादचारी पूल कोसळले, 114 माणसं गेली. मूळ आराखड्यात छतापासून एकच सलग सळई दोन्ही पुलांतून जाणार होती. बनवायला सोपं जावं म्हणून एकीच्या दोन केल्या: एक छतापासून वरच्या पुलापर्यंत, दुसरी वरच्या पुलाला अडकवून खालच्यापर्यंत. एकूण वजन तेवढंच. पण वरच्या पुलाच्या तुळईखालच्या नटवर आधी एकाच पुलाचा भार होता, तो आता दोन्हींचा झाला. मूळ जोडसुद्धा नियमात बसत नव्हता, त्यात हे. त्या एका नटची फ्री बॉडी डायग्राम, म्हणजे तो वेगळा काढून त्याच्यावरची सगळी बलं दाखवणारी आकृती, कोणी काढली असती तर दुप्पट भार कागदावर दिसला असता. पहिल्या वर्षाचाच विषय आहे हा."

मग मुद्दा आला की प्रवेशाआधी नेमकं करायचं काय. इलेक्ट्रिकलवाल्याने सांगितलेली रीत मला सगळ्यांत कामाची वाटली. विद्यापीठाचा पूर्ण अभ्यासक्रम घ्यायचा, पहिलं वर्ष बाजूला ठेवायचं, कारण ते बहुतेक सामायिक असतं, आणि तिसऱ्या-चौथ्या सेमिस्टरचे विषय वाचायचे. शाखेची खरी ओळख तिथे होते. त्यांतल्या एका विषयाचं पुस्तक मिळवून पहिल्या दोन धड्यांमागची तीन-चार गणितं करून बघायची.

"न शिकता कसं करणार?" केमिकलवालीने विचारलं, आणि ते रास्तच होतं. त्यावर ठरलं की सुरुवात स्टॅटिक्सने, म्हणजे स्थिर वस्तूंवरच्या बलांच्या अभ्यासाने, करावी, त्याला व्हेक्टर आणि मोमेंट एवढंच लागतं. वस्तू वेगळी काढा. टेकू काढून त्यांच्या जागी प्रतिक्रिया दाखवा: रोलरची (सरकू देणाऱ्या टेकूची) एक, पिनच्या (फक्त फिरू देणाऱ्याच्या) दोन, पक्क्या टेकूच्या तीन, त्यांतला एक मोमेंट. ज्या बिंदूतून जास्तीत जास्त अज्ञात बलं जातात त्याच्याभोवती मोमेंट घ्या, म्हणजे ती समीकरणातून आपोआप गळतात. चुका बहुधा दोनच होतात. आतली बलं बाहेरची म्हणून काढली जातात, किंवा प्रतिक्रियेची दिशा चुकेल या भीतीने ती काढलीच जात नाही. दिशा चुकली तर उत्तर उणे येतं, एवढंच.

कॉलेज बघायला जाल तेव्हा लॅबमध्ये एकच विचारा, असं मेकॅनिकलवाल्याचं मत: एका टेबलावर किती जण, आणि जोडणी विद्यार्थी करतात की आधीच करून ठेवलेली असते? तयार जोडणीवर आकडे टिपून घेणं म्हणजे प्रयोग नव्हे. दुसऱ्या देशात काम करायचा विचार असेल, तर ती पदवी 1989 च्या वॉशिंग्टन करारात (सदस्य देश एकमेकांच्या इंजिनिअरिंग पदव्यांची मान्यता मानतात तो करार) बसणाऱ्या मान्यतेची आहे का तेही पाहावं. ही मान्यता एकेका अभ्यासक्रमाला असते, अख्ख्या कॉलेजला नाही, आणि गफलत नेमकी तिथेच होते.

शेवटी ज्यावर एकमत झालं नाही ते हे: शिडीचं गणित सुटलं, पण कंटाळा आला, तर? केमिकलवालीच्या मते तो सरळ नकार समजावा आणि फिजिक्स किंवा सांख्यिकीकडे वळावं. इलेक्ट्रिकलवाला म्हणाला, एका विषयावरून ठरवू नका, सर्किटचा एक धडा आणि छोटा प्रोग्राम लिहून बघा, मग नकार द्या. शाखा बदलायचीच असेल तर तिसरं सेमिस्टर सुरू व्हायच्या आत बदला, नंतर मागचे विषय भरून काढण्यात वर्ष जातं, याला मात्र पाचही जणांनी मान डोलावली.