कूलरमधून येणारा वास

एप्रिल लागला की आमच्या नागपूरच्या घरी खिडकीला कूलर चढतो. ताट्या भिजल्या की खसाची जी पहिली झुळूक येते, तिचं कौतुक नागपूरकराला सांगायला नको. यंदा मी ब्रिटनमधल्या लीड्सहून गेले तेव्हा खसाच्या मागोमाग अमोनियाही आत आला. कूलर हवा बाहेरून ओढतो, आणि खिडकीखालीच मोगऱ्याचा वाफा आहे, जो आमच्या कुत्र्याने, शेरूने, शू करून करून केव्हाच आपल्या नावावर करून घेतलाय.

"रोज फिनेल टाकून राहिलो," बाबा म्हणाले. वाफ्याभोवती चुन्याची पांढरी रेघही होती.

कॉलनीच्या ग्रुपवर तेव्हा नेमकं हेच पेटलं होतं, कॉलनीच्या बागेवरून. कोणी म्हणे कुत्र्यांना बागेत बंदी करा, कोणी म्हणे भटक्यांना खाऊ घालणाऱ्यांना धरा. ऑक्टोबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलं होतं, की खाऊ घालायचं तर कुत्रं दत्तक घ्या, रस्त्यावर घातलंत तर २०० रुपये दंड. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने दंडाबिंडाला स्थगिती दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने वॉर्डावॉर्डात खाऊ घालायच्या जागा ठरवायला सांगितलं. दोन्ही बाजू आपापल्या सोयीचा निकाल टाकत होत्या. बागेत ज्यांचा वास येतो ती बरीचशी पट्ट्यातली, घरची कुत्री आहेत, हे कोणी बोलेना. मग कोणीतरी लिहिलंच, "फॉरेनला बघा!" आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

तर फॉरेनचं ऐका. ब्रिटनमध्ये कुत्र्याची शी उचलतात, ते काही संस्कारांमुळे नाही. १९९६ साली त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला, नंतर २०१४ च्या कायद्यात जागच्या जागी १०० पौंडांपर्यंत दंडाची सोय झाली. शिवाय पिशवी टाकायला वाटेत कचरापेटी असते. तरीही पिशवीत भरून, गाठ मारून ती झाडाच्या फांदीला लटकवून जाणारे महाभाग मी रोज पाहते. आणि माझ्याच घराचं म्हणाल, तर मागच्या अंगणात घरमालकाने प्लास्टिकचं हिरवं गवत अंथरलंय. आमचा शर्यतीतून निवृत्त झालेला ग्रेहाउंड त्यावर शू करतो. खाली माती नाही, मुळं नाहीत, शोषून घेणारं काहीच नाही. जुलैत चार दिवस ऊन पडलं की शेजारीण खिडकी लावून घेते. बोलत काही नाही, खिडकी मात्र जोरात लावते! हेच गवत आता नागपुरात गच्चीगच्चीवर दिसतंय. ४५ अंशात त्याचं काय होईल, हे मी बाबांना सांगितलं. तेवढं त्यांना पटलं.

चुन्याचं पटायला वेळ लागला. शूमध्ये युरिया असतो, जिवाणू त्याचा अमोनिया करतात. माती थोडी आंबट, म्हणजे आम्लधर्मी, असली तर तो तिथेच बांधला जातो. चुना घातला की उलट मोकळा होऊन हवेत येतो. म्हणजे आपण वास मारायला जातो आणि त्याला दार उघडून देतो. फिनेल नुसतं वासावर वास चढवतं, मातीतले कामाचे जिवाणू मारतं, आणि मांजरांना तर ते विषच. ब्लीचिंग पावडर त्याहून वाईट, अमोनियाशी मिळाली की डोळे-घसा जाळणारा वायू.

"तू तिथून सांगून राहिली. इथली माती पाहून घे आधी," बाबा म्हणाले, आणि ते खरं होतं. लीड्समध्ये कुत्र्याने शू केल्याबरोबर मी बादलीभर पाणी ओतते, बहुतेकदा भागतं. आमच्या काळ्या मातीत उन्हाळ्यात बोटभर भेगा, पाणी थेट खाली जातं. पावसाळ्यात तीच माती फुगते, पाणी वरच तुंबतं, आणि मृगाच्या पहिल्या सरीला मातीच्या सुगंधाऐवजी उन्हाळाभराचा हिशेब वर येतो.

शेवटी आम्ही माती बदलायच्या भानगडीत न पडता जागाच बदलली. भिंतीच्या कोपऱ्यात हातभर खोदून खाली गिट्टी, वर रेती. कूलरच्या टाकीतलं जुनं पाणी नाहीतरी फेकायचंच असतं, ते रोज तिथे. वाफ्यावर दोनदा पातळ व्हिनेगर शिंपडून मग भरपूर पाणी दिलं. शेरूला आठवडाभर साखळीने त्या कोपऱ्यात नेलं. खिडकीतून पुन्हा नुसता खस यायला लागला.

शी मात्र उचलावीच लागते, आणि नागपुरात खरं अडतं ते इथे. आईने ती कांद्या-टोमॅटोच्या खतात टाकायची ठरवली होती. मी अडवलं, जंतांची अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात. कचरागाडीवाला पिशवी पाहून म्हणाला, "हे नाही घेत." त्याचं तरी काय चुकलं, हाताने निवडायचं त्यालाच. ग्रुपवर मी लिहिलं, बंदीचं बाजूला ठेवा, बागेच्या फाटकाशी झाकणाची एक पेटी ठेवू आणि ती उचलणाऱ्याला हातमोजे नि वेगळे पैसे देऊ. महिना किती पडतील, हा प्रश्न आला, आकडा अजून कोणी दिलेला नाही.

तोवर बाबांनी मागे खड्डा केलाय, भाज्यांपासून लांब. पावसाळ्यात त्यात पाणी भरणार, हे त्यांनाही माहीत आहे.