नाना शंकरशेट आणि मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद

‘भारतातील पहिले विद्यापीठ मुंबईत १८५७ साली सुरू झाले, त्याचे पहिले कुलगुरू नाना शंकरशेट होते आणि पहिले वर्ग राजाबाई टॉवरच्या इमारतीत भरले’, असा मजकूर समाजमाध्यमांवर अभिमानाने फिरवला जातो. त्यामागचा नानांविषयीचा आदर माझ्याही मनात आहे. मजकुरातील स्थापनेचे साल बरोबर आहे, बाकीची तिन्ही विधाने मात्र कागदपत्रांपुढे टिकत नाहीत.

पहिलेपणाचा मुद्दा चटकन निकालात निघतो. कलकत्ता विद्यापीठाचा कायदा २४ जानेवारी १८५७ रोजी संमत झाला, मुंबईचा १८ जुलैला आणि मद्रासचा ५ सप्टेंबरला.

कुलगुरुपदाबाबत तर तर्क करण्याचीही गरज नाही, कारण १८५७ च्या बाविसाव्या कायद्यातच पहिले व्हाइस-चॅन्सलर (कुलगुरू) म्हणून सर विल्यम यार्डली यांचे नाव आहे. ते त्या वेळी मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. गव्हर्नर हे पदसिद्ध चॅन्सलर (कुलपती) असल्यामुळे तो मान लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्याकडे गेला. नानांचे नाव याच कायद्यात आहे, पण ते फेलो म्हणजे सिनेटच्या सभासदांच्या यादीत, आणि त्याच यादीत डॉ. भाऊ दाजी लाड यांचेही आहे. मूठभर भारतीयांना मिळालेला तो मान लहान नव्हता. पुढे मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतात पहिल्या येणाऱ्याला मिळणाऱ्या ‘जगन्नाथ शंकरशेट’ शिष्यवृत्तीमुळे नानांचे नाव विद्यापीठाशी पिढ्यान्‌पिढ्या जोडलेले राहिले. गोंधळ तिथूनच वाढला असावा, असे मला वाटते. भारतीय व्यक्ती या पदावर यायला १८९२ साल उजाडावे लागले. ते होते न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग, आणि त्यांच्या मागोमाग रामकृष्ण गोपाळ भांडारकर आले. तेलंगांना ‘देशातील पहिले भारतीय कुलगुरू’ म्हणणेही चूकच आहे, कारण कलकत्त्यात गुरुदास बॅनर्जी यांची नेमणूक १८९० मध्येच झाली होती.

‘पहिले वर्ग’ हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण त्यात विद्यापीठाचे मूळ स्वरूपच चुकीचे समजले गेले आहे. कायद्याच्या प्रास्ताविकात हेतू स्पष्ट लिहिलेला आहे: साहित्य, शास्त्र व कला यांत कोणी प्रावीण्य मिळवले आहे हे परीक्षेद्वारे ठरवायचे आणि त्यांना पदव्या द्यायच्या. १८५४ च्या वुडच्या खलित्याने (चार्ल्स वुड यांनी शिक्षणधोरणाबाबत पाठवलेल्या पत्राने) लंडन विद्यापीठाचा जो नमुना पुढे ठेवला होता, त्याला हे धरूनच होते. शिकवण्याचे काम एल्फिन्स्टन कॉलेजसारख्या संस्थांचे होते. महादेव गोविंद रानडे, भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे यांच्या पहिल्या तुकडीने १८६२ मध्ये बी. ए. केले, तेव्हा विद्यापीठाला स्वतःची इमारत नव्हती आणि कारभार टाउन हॉलमधून चाले. कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून उभे राहिलेले पदवीदान सभागृह १८७४ चे आहे. प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. मनोऱ्याला त्यांच्या आईचे, राजाबाईंचे, नाव आहे आणि तो १८७८ मध्ये पूर्ण झाला. म्हणजे रानडे पदवीधर होऊन सोळा वर्षे लोटल्यावर. अध्यापन हे विद्यापीठाचे काम होऊ शकते, ही तरतूद १९०४ च्या भारतीय विद्यापीठ कायद्याने झाली आणि समाजशास्त्राचा स्वतंत्र विभाग स्कॉटिश समाजशास्त्रज्ञ पॅट्रिक गेडिस यांच्यासह १९१९ मध्ये उभा राहिला.

ज्यांना स्वतः पडताळा घ्यायचा आहे, त्यांनी कायद्याची मूळ प्रत आणि विद्यापीठाचे जुने वार्षिक ‘कॅलेंडर’ पाहावे. त्यांत कुलगुरू, फेलो आणि पदवीधर यांच्या याद्या मिळतात. शोधताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. विद्यापीठाचे ‘मुंबई’ हे नाव १९९६ पासूनचे असल्यामुळे सगळे जुने दप्तर ‘बॉम्बे’ या नावाखाली लागते. शिवाय त्या काळच्या इंग्रजी वळणामुळे जगन्नाथ शंकरशेट हे नाव तिथे ‘जगोनाथ संकरसेट’ अशा रूपात छापलेले असते.